‘स्टॉक नाही’ म्हणण्याबद्दल

शटर अर्धं खाली आलं होतं, अप्पा, तेवढ्यात एक माणूस वाकून दुकानात शिरला. दुपारचे दोन वाजले होते, मी जेवायला निघाले होते. सरगूरहून बसने आलेला. बायकोला हाडांचा कॅन्सर. दुखण्यावरच्या तीव्र गोळ्यांची डॉक्टरांची चिठ्ठी त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून काढली आणि काउंटरवर तळहाताने सपाट केली. मी ती न वाचताच म्हणाले, “स्टॉक इल्ला.” तो कन्नडमध्येच म्हणाला, “चार दुकानांत हेच ऐकलं, अक्का. मैसुरात सगळ्यांचा स्टॉक एकाच दिवशी संपतो काय?” गोळ्या माझ्या पाठीमागच्या कपाटात होत्या.

हे उत्तर तुम्ही शिकवलेलं. मी दुकानात उभी राहू लागले त्या पहिल्या आठवड्यात एक जण चिठ्ठीशिवाय याच गोळ्या मागत होता आणि मी त्याला कायदा सांगत होते. तुम्ही मला बाजूला सारलंत, “स्टॉक इल्ला” म्हणालात, आणि तो गेल्यावर मला, “भांडतेस कशाला गं? कायदा सांगितला की वाद घालतात. संपलंय म्हटलं की सुम्ने जातात.” खरंच गुपचूप जायचे. मग चिठ्ठी आणणाऱ्यांनाही तुम्ही तेच सांगू लागलात. चिठ्ठी खोटी निघाली तर लायसन आपलं जाणार. शेवटी गोळ्या मागवणंच बंद केलंत. आणि मग आई दुखणं सोसत स्वयंपाकघरात ओट्याला कपाळ टेकून उभी आहे, कुकरच्या शिट्या कोणी मोजत नाही, आणि तुम्ही तिची चिठ्ठी घेऊन दुकानादुकानांत फिरता आहात. सगळे ओळखीचे. सगळे तुम्हाला तेच दोन शब्द सांगतात. तुमच्यामागे मी गोळ्या पुन्हा मागवू लागले, पण अनोळखी माणसाला उत्तर तेच देत राहिले.

उद्या आम्हा औषधदुकानदारांची सभा आहे. ठराव असा, की या गोळ्या कोणी ठेवू नयेत आणि सरकारने त्या दुकानांतून बंदच कराव्यात. मांडणारा तुमच्या हाताखाली शिकलेला; आता हूटगळ्ळीत त्याचं दुकान आहे. त्याची मुलगी या गोळ्या विरघळवून टोचून घ्यायची. त्यातच गेली. काल मी त्याला फोनवर म्हणाले, “चिठ्ठी तपासायचा नियम कडक करा, कपाटं रिकामी करू नका.”

“तू चिठ्ठीवरच्या डॉक्टरला कधी फोन केलायस काय?”

“नाही.”

“मग? नियम कोण पाळणार, तुझं कपाट?”

मी फोन ठेवून दिला. आज मी शटर पुन्हा वर केलं, त्या माणसाला स्टूल दिलं आणि डॉक्टरांना फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला. गोळ्या दिल्या. त्याने आभार मानले नाहीत, बस चुकेल म्हणून पळाला. एवढंच काम होतं, अप्पा. ते टाळण्यासाठी आपण इतकी वर्षं खोटं बोललो. हूटगळ्ळीवाल्याच्या मुलीला त्या खोट्याने वाचवलं नाही आणि आईला तळमळत मरू दिलं. उद्या मी हे उभी राहून सांगणार आहे, तुमच्यासकट. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणून आधी कळवलं असं म्हणता येत नाही, तरी लिहिते.

दुसरा दिवस, रात्र. ठराव मंजूर झाला. तरी मी गोळ्या ठेवणार आणि दर चिठ्ठीला डॉक्टरांना फोन करणार, असं सभेला लिहून दिलं. आईबद्दल बोलले. ज्याने आपल्या दुकानातून त्या गोळ्या आधीच काढून टाकल्या होत्या तो दुकानदार तिचाच नवरा, हे मात्र सांगितलं नाही.