तिसऱ्या कडव्यातली खरखर

६ नोव्हेंबर, गुरुवार
आज मर्लिन आली होती. बायकोचा, रोझीचा, गळा गेल्यापासून चर्चमधल्या गाणाऱ्यांचा क्वायर मर्लिनच सांभाळते. फेस्ताला, चर्चच्या सणाला, महिना राहिलाय आणि तिला दर्यामातेचं गीत बसवायचंय. ते कुठल्याही पुस्तकात नाही. रोझीला तिच्या आईने शिकवलेलं, आणि सहा वर्षांपूर्वी तिने चर्चमध्ये गायलेलं मी लॅपटॉपवर रेकॉर्ड केलेलं, तेवढंच.

मी कौतुकाने हॉलमधल्या मोठ्या स्पीकरवर लावलं. पहिलं कडवं बरं गेलं. पुढे आवाज चढला की खर्रर्र. तिसऱ्यात तर शब्दच फाटले.
मर्लिन म्हणाली, "अंकल, हय कायच कळणा नाय."
रोझी स्वयंपाकघराच्या दारात आली. ऑपरेशननंतर तिचा आवाज म्हणजे नुसती हवा. म्हणाली, "बंद कर ता. तो माझो आवाज न्हय." मागच्या दाराने विहिरीकडे गेली.
खरखर सगळ्याच गाण्यांत होती हे खरं म्हणजे मला ठाऊक होतं. वर्षभर चालवून घेतली. आता नाही.

७ नोव्हें., शुक्र.
तीस वर्षं टेलिफोनच्या केबली जोडल्या. फॉल्ट शोधायची एकच रीत: लाईन मधोमध तोडायची, कुठला अर्धा भाग चांगला ते बघायचं, मग उरलेल्याचा अर्धा.
आपली लाईन अशी: कॉम्प्युटर, तिथून यूएसबीच्या वायरने डॅकची डबी (आकड्यांचा आवाज करते ती), मग अँप्लिफायर, मग स्पीकर.
आधी संशय खाऱ्या हवेवर. स्पीकरच्या वायरी सोडल्या, तांब्यावर हिरवा थर चढलेला. पॉलिश पेपरने घासून चकाचक केल्या. लावलं. खर्रर्र. शिरा पडली त्या कॉम्प्युटरार.

८ नोव्हें., शनि.
मधोमध तोडली. मोबाइल सरळ अँप्लिफायरला जोडून गाणी लावली. स्वच्छ! म्हणजे अँप्लिफायर आणि स्पीकर निर्दोष. मेव्हण्याने मस्कतहून आणलेला माल, उगाच बदनाम केला.
उरली डबी, वायर, कॉम्प्युटर.
रोझी तारले मासे साफ करत होती. सांगितलं, अर्धं काम झालं. तिने मान वर केली नाही.

९ नोव्हें., रवि.
चर्चमध्ये रविवारची मिस्सा झाल्यावर मर्लिनचा लॅपटॉप मागून आणला. तीच डबी, तीच वायर, तिच्या लॅपटॉपला. एक गाणं, दोन, पाच. खरखरीचा काटा कुठे लागेना. म्हणजे चोर माझ्या कॉम्प्युटरात.
दु. जेवताना रोझीला म्हटलं, "चोर गावलो." ती म्हणाली, "मगे जेव तरी सुखान." गुरुवारनंतर पहिल्यांदा चार शब्द सलग.

११ नोव्हें., मंगळ.
दोन दिवस कॉम्प्युटरच्या सेटिंगांत. शेवटी सापडलं, आणि लाज वाटली. गाणी वाजवायच्या प्रोग्रॅममध्ये बास आणि ट्रेबल दोन्ही टोकाला. शिवाय 'आवाज वाढवा' असं एक बटण चालू. डबीपर्यंत जायच्या आधीच आवाज भांड्याच्या काठावरून सांडत होता.
हे कोणी केलं? मीच. गेल्या वर्षी इस्पितळातून रोझीला घरी आणलं, तेव्हा घर फार गप्प झालं होतं. मी एकेक करून सगळं चढवत गेलो असणार. नीट आठवतही नाही.
सगळं बंद. कॉम्प्युटरचा आवाज सरळ, कमीजास्त करायचं ते अँप्लिफायरवर.
जुनी गाणी लावली. व्हायोलिनची तार कानाशी. उठून पंखा बंद केला, फक्त ऐकत बसलो.

१२ नोव्हें., बुध.
दर्यामातेचं गीत लावलं. पहिलं कडवं, दुसरं, निर्मळ. रोझीचा तेव्हाचा आवाज अख्ख्या हॉलभर. तिसऱ्या कडव्यात ती वर चढते तिथे पुन्हा खर्रर्र.
दहा वेळा लावलं, दहा वेळा तिथेच. बाकी एकाही गाण्यात नाही.
रोझी खोलीचं दार लावून बसली होती. माझ्या लक्षात उशिरा आलं. तिला दहाही वेळा ऐकू गेलं असणार.

१४ नोव्हें., शुक्र.
आवाजाची रेघ पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम घेतला. रेघ लाटेसारखी असते. तिसऱ्या कडव्यात लाटांचे माथे कापलेले, कोयत्याने तासावेत तसे सपाट. म्हणजे रेकॉर्डिंगच असं झालंय. त्या दिवशी मी माइक जास्त चढवून ठेवला होता. ती वर गेली आणि यंत्रात मावली नाही.
कापलेलं परत जोडतो म्हणणारी एक सोय आहे. तीन तास खटपट. खरखर कमी, पण आवाज डबड्यातून आल्यासारखा. पुसून टाकलं.
उद्या परत.

१७ नोव्हें., सोम.
चौथ्यांदा. नाही जमत. माथे आत नाहीतच, तर काढणार कुठून? पण मर्लिनला निदान अंदाज येईल एवढं तरी...
संध्याकाळी तिला फाईल पाठवली.

१९ नोव्हें., बुध.
मर्लिन गाऊन दाखवायला आली. छान बसवलंय. तिसऱ्या कडव्यात त्या जागी तिने सूर आणखी वर नेला. मलाही तेच बरोबर वाटलं. रेकॉर्डिंगमध्ये तसंच वाटतं.
रोझी आतून आली. हातात पिठाची परात तशीच. "थंय वर जावचा नाय. थंय सूर खाली येता."
मर्लिन गडबडली. "आंटी, कसो?"
रोझीने तोंड उघडलं. पहिला सूर लागला, दुसऱ्याला हवा. गळ्यावर हात ठेवून थांबली. मी उठायला लागलो, तर डोळ्यांनीच बस म्हणाली. परत सुरू केलं, खालच्या पट्टीत, तुटत, घोगरं. पण जागा कळली. वर जाताजाता मध्येच उतरून येते ती, पायरी चुकल्यासारखी. एवढी वर्षं ऐकतोय, मला ठाऊक नव्हतं.
मर्लिन तीनदा गायली. तिसऱ्यांदा रोझीने मान हलवली आणि आत गेली. भाकरी करपली.

२१ नोव्हें., शुक्र.
हॉलमध्ये माइक लावला, या खेपेला हलका. रोझीला म्हटलं, "तुका जमात तेव्हा, जमात तसा गा. मी नीट घेतंय."
ती माइकजवळ आली.
"पेद्रू, ह्या खरखरीक तुझ्याकडे इलाज नाय."
"माका म्हाइत आसा."
"मगे कित्याक?"
मी माइकची वायर सारखी केली. गाण्यातली ती जागा परत हरवायला नको, एवढंच नव्हतं. तिचा आत्ताचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही, हे बोलायला हवं होतं. तिने माइकवर फडकं टाकलं, धूळ बसू नये म्हणून. काढून ठेव मात्र म्हणाली नाही.

२३ नोव्हें., रवि.
चार वाजता क्वायरची प्रॅक्टिस. जेवल्यावर रोझी म्हणाली, "रिक्षा बोलव." विचारलं नाही कशाला.
वर्षात पहिल्यांदा ती प्रॅक्टिसला आली. क्वायरच्या जागी गेली नाही, शेवटच्या बाकावर बसली. मी शेजारी. तिसरं कडवं आलं, मर्लिन बरोबर उतरली, बाकीच्या बायका वर गेल्या. सगळं विस्कटलं. कोणी मागे वळून बघेना.
"परत," रोझी म्हणाली. त्या आवाजात. पेटीवाली थांबली, सगळ्यांनी ऐकलं.
परत गायल्या. परत चुकलं. रोझी उठली, बाकांना धरत पुढे गेली आणि तिने ती ओळ गाऊन दाखवली. चर्चमध्ये ती खरखर घरच्यापेक्षा मोठी वाटते. एका बाईने डोळे पुसले. रोझी तिला म्हणाली, "रडतंस कित्याक गो, गा."
निघताना मर्लिनने विचारलं, "आंटी, फेस्ताक उभ्या रवतल्यात मा आमच्यावांगडा?"
"बघूया."
रिक्षात बसलो. माझ्या खिशात मोबाइल होता. ती गात असताना हात खिशापर्यंत गेला होता, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं नाही. बरं केलं की चुकलो, अजून ठरत नाही.