मामाची उलटी खुर्ची

जालना, ९ जानेवारी १९९६

आज जुन्या जालन्यातल्या शाळेच्या मैदानावर आमच्या सुमीचा पहिला प्रयोग. ती विद्यापीठात नाटकाची प्रकाशयोजना शिकते, हे जाफराबादच्या मामाला पसंत नाही. आणि सुमीची आई भावाच्या शब्दाबाहेर नाही. मामा बिघडला असता तर सुमीचं शिक्षण बंद. आज तोही प्रयोगाला आलेला, म्हणून धास्ती.

पडदा उघडला. भाची स्टेजवर दिसेना. ती प्रेक्षकांच्या मागे, दिव्यांच्या बटणांपाशी. कळताच मामानं लोखंडी खुर्ची गर्रकन फिरवली आणि नाटकाकडे पाठ करून बसला. शेवटपर्यंत! लोक हसत होते.

सुमीनं भीतभीत विचारलं, "मामा, कसं झालं?"

"नाटक न्हाई पाह्यलं मी. शेवटाला अंधार तूच केल्ता ना? एकदम बराबर. आता समदं शिकूनच ये, बाई."

बाप मी. खुर्ची फिरवायचं मला कसं नाही सुचलं?