डोळे मिटून बसणारी

नाना,

तुम्ही हसलात, तरी मी बसतेच. आजही सकाळी बसले, स्वयंपाकघरात, पाटावर, भिंतीला पाठ टेकून. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण डोळे मिटले की तुमचा तो प्रश्न कानाशी येतोच: “डोया मिटीसन गाडी चालस का?” रावेरची केळी ट्रकनं दिल्लीला नेणाऱ्या माणसानं तो विचारावा, हे बरोबरच. पण घर म्हणजे ट्रक नव्हता, नाना. रस्त्यात बकरी आडवी आली तरी तुम्ही करकचून ब्रेक मारायचात. आम्हा पोरांसाठी कधी मारला नाहीत.

मी हे ध्यान शिकायला का गेले, ते तुम्हाला सांगितलंच नाही. नव्वदच्या आसपासची गोष्ट. धुळ्यातल्या घरी लेकाच्या हातून दुधाचं पातेलं सांडलं. मी नुसती वळले, हात उचललाही नव्हता, आणि सात वर्षांच्या त्या पोरानं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. मी तुमच्यापुढे झाकायची, अगदी तसंच. आमच्या गल्लीत चित्रकलेच्या एक निवृत्त बाई संध्याकाळी बायकांना ध्यान शिकवायच्या. दुसऱ्याच दिवशी तिथे जाऊन बसले. “श्वास आला, श्वास गेला, एवढंच बघा,” बाई म्हणाल्या. अगं बाई, म्हणे एवढंच! पहिल्या दिवशी नाक खाजलं, कुकरच्या शिट्ट्या आठवल्या. दुसऱ्या दिवशी तर मी चक्क घोरले. बाई हसल्या. “मन पळालं की परत आणायचं. भांडी घासताना, भाकरी थापतानासुद्धा.” मग मी भाकरी थापताना बघू लागले, आणि माझा राग आधी बोटांत येतो हे मला तिशी उलटल्यावर कळलं.

त्या उन्हाळ्यात तुम्ही राहायला आलात. मला बसलेली पाहून हसलात, चहा मागितलात. मी उठले नाही. माझं झाल्यावर दिला. दुपारी पोराच्या हातून तुमचा ट्रान्झिस्टर पडला. तुमचा हात वर जातो, पोर डोकं झाकतं, आणि मी परातीवरून तशीच उठून तुमचं मनगट धरते. माझ्या हाताचं पीठ तुमच्या मनगटाला लागतं.

“नाना, या घरात हात उगारायचा नाही.”

“तू माले शिकाडी ऱ्हायनी का?”

“हो,” म्हटलं.

वाढलेलं भरीत तसंच टाकून तुम्ही दुपारच्या एसटीनं निघून गेलात. सगळे नातेवाईक मलाच बोलले. बोलू देत! मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. लेक आता बाप झालाय. त्याची मुलगी दूध सांडते आणि खुशाल त्याच्याकडे बघून हसते.

हा कागद मी पिठाच्या डब्याखाली ठेवणार आहे. तुम्हाला पाठवायचा तरी कुठे? पण एक सांगायचं राहिलंय. तुमच्या शेवटच्या दुपारी दवाखान्यात मी तुमच्या खाटेशी बसले होते. श्वास आला, श्वास गेला. तुमचा. तासभर माझं मन एकदाही पळालं नाही. तसं ना आधी कधी झालं, ना नंतर. माफ केलं असं समजू नका, केलेलं नाही. पण रोज बसले की पहिला श्वास तुमचाच ऐकू येतो, आणि तिथून मी मन परत आणत नाही. बाईंनाही हे कधी सांगितलं नाही.