साहेबांच्या पाटीची पाठ

ती. अक्कास,

कोपरापासून नमस्कार. (साष्टांगच घातला असता, पण माझे गुडघे एकदा जमिनीला टेकले की पुन्हा वर यायला कबूल होत नाहीत.) तुझा खोकला थांबला का? भावोजींचा रक्तदाब आणि स्वभाव, दोन्ही आटोक्यात आहेत असं धरून चालतो.

आता तक्रार. माझ्या कामाच्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे हे साऱ्या खानदानाला ठाऊक आहे. त्या पायाखाली एक जाडजूड ग्रंथ वर्षानुवर्षं निमूट सेवा करत होता. मागच्या भेटीत भावोजींनी तो ओढून काढला, फुंकर मारून त्याची धूळ माझ्या चहात उडवली आणि "अरे, पुस्तक वाचायचं असतं" असं सुनावून ते गाडी पकडायला निघून गेले. तेव्हापासून मी डुगडुगतो आहे. पितळी पाट्यांवर अक्षरं कोरणाऱ्या माणसानं डुगडुगणं म्हणजे न्हाव्याला उचकी लागण्यासारखं आहे. पुस्तक परत जागच्या जागी सरकवायला म्हणून हातात घेतलं, ते नेमकं उघडलं, आणि तिथेच माझा निकाल लागला.

अक्का, त्यात युरोपातल्या भाषांमधल्या शब्दांच्या कुळकथा आहेत. कोण कुणाचा चुलता, कोण कुणाच्या घरी दत्तक गेला, आज सुटाबुटात हिंडणारा मुळात कुणाकडे पाणी भरत होता, सगळं. लॅटिनांचा एक्वुस, ग्रीकांचा हिप्पोस आणि आपला अश्व हे एकाच आजोबांचे नातू निघाले. इंग्रजांचा तो चिलखतातला नाइट आणि जर्मनांचा क्नेख्त हे सख्खे भाऊबंद, आणि क्नेख्त म्हणजे कोण, तर गडी. एक भाऊ घोड्यावर बसला, दुसरा शेणाची पाटी उचलत राहिला. (आपल्या चुलत घराण्याची आठवण झाली, पण पत्र पोस्टाने जाणार आहे, तेव्हा असो.) मी जेवण विसरलो. गिऱ्हाइकं विसरलो. शेजारच्या शिंप्याला भिंतीवर थाप मारून बोलावून घेऊन वाचून दाखवू लागलो. आता तो थाप ऐकली की दिवा मालवतो.

आणि ऐन अशा वेळी मॅनेजरसाहेबांच्या पाटीचं काम माझ्याकडे आलं. हो, तेच साहेब. तुझ्या लेकीचं आणि त्यांच्या मुलाचं जमलेलं आहे आणि मुलगी जनावरांची, त्यातून घोड्यांची डॉक्टर म्हणून जे अडून बसले आहेत, ते. "आमच्या घरात तबेल्याचा वास नको" हे त्यांचं वाक्य तिनं मला सांगितलं तेव्हा ती हसली होती, पण हसताना माझ्याकडे बघत नव्हती. साहेबांना सरकारी महामंडळात नुकती बढती मिळालेली, त्यांना घराच्या दारावर नावासकट हुद्दा हवा होता, आणि कोरणारा मुलीचा मामा आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. तू मला बजावलं होतंस की पाटी लाव, तोंड मिटून ठेव, निघून ये. अक्का, तोंड मी मिटूनच ठेवलं होतं. घात हातानं केला.

त्याचं असं आहे की आमच्या धंद्यात पाटीच्या पाठीवर आधी हात बसवून घेतात. भिंतीकडे तोंड केलेलं अक्षर कोण वाचतो? इतर कारागीर तिथे बाराखडी कोरतात. मी, डोक्यात रात्रंदिवस जे घुमत होतं, ते कोरलं.

पाटी वजनदार, भोकं पाडायच्या यंत्राची पेटी त्याहून वजनदार, म्हणून तुझी लेक मला तिच्या गाडीतून घेऊन गेली. ती फाटकाबाहेरच थांबणार होती, पण साहेबांच्या सौभाग्यवतींनी खिडकीतून पाहिलं, तिला ओळखलं आणि आत बोलावलं. (बाई बारीक, आवाज मऊ, नजर सुरीची.) साहेबांनी पाटी हातात घेतली, तिच्यात स्वतःचं तोंड पाहिलं, बाहीनं पुसून पुन्हा पाहिलं, आणि मग पत्रा पातळ तर नाही ना म्हणून पाटी उलटली. अधिकारी माणसं सगळं मोठ्यानं वाचतात. त्यांनीही वाचलं: मॅनेजर, मूळ इटलीचा, घोडे हाताळणारा. मार्शल, जुना जर्मन, घोड्यांचा नोकर. कॉन्स्टेबल, लॅटिन, तबेल्याचा मुख्य.

खोलीत सुई पडली असती तरी तिनं आधी परवानगी मागितली असती. इथे मी माफी मागायला हवी होती. पण अक्का, कुणी आपण होऊन शब्दाचं मूळ विचारतंय असं मला वाटलं आणि मी सुटलो. इटालियनमधला हात म्हणजे मानो, त्यावरून घोडा हाताळायचा तो शब्द, त्याचीच घोडेस्वारीची शाळा फ्रेंचांकडे मानेज झाली, कॉन्स्टेबलमधला तबेला ज्या 'स्था' धातूच्या घरचा, त्याच घरचं आपलं ठाणं, म्हणजे कॉन्स्टेबल ठाण्यात बसतो तो परका नव्हेच, घरीच आलेला आहे, असं बरंच. तुझी लेक भिंतीवरचं कॅलेंडर पाठ करत होती. साहेबांचे कान लाल झाले होते.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "म्हणजे वास आधीपासूनच घरात आहे म्हणायचा."

मग त्यांनी तुझ्या लेकीला अगदी साधेपणानं विचारलं, "काय गं, घोडा अडून बसला तर काय करतेस?"

"काही नाही काकू, ओढत नाही. शेजारी उभी राहते. भूक लागली की तो आपणहून येतो."

यावर कुणीही साहेबांकडे पाहिलं नाही, आणि ते सगळ्यांनी एकदमच केलं. साहेब बराच वेळ पाटी खालीवर करत राहिले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मिनिस्टरचं काय आहे हो?" मी सांगितलं की मिनिस्टर हा लॅटिनमधल्या 'कमी' या शब्दावरून, अर्थ सेवक, आणि मास्टर आहे तो 'जास्त'वरून. "कमी? पुस्तकात छापलंय?" छापलंय म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो बढतीच्या दिवशीही पडला नसेल. (त्यांच्या महामंडळाचे मंत्री त्यांना फोनवरसुद्धा उभं राहायला लावतात असं नंतर कळलं.) त्यांनी चहा मागवला. तुझ्या लेकीला "बसा, डॉक्टर" म्हणाले. पाटी पाठीसकट लावून घेतली.

तुझा, अजून डुगडुगणारा,
धाकटा भाऊ

ता.क. साहेबांनी होकार दिला असं मी वर कुठेही लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ते म्हणाले, मुलीच्या आईशी बोलतो. रविवारी फोन येईल. हे सगळं पत्र मी एवढ्यासाठीच लिहिलं: अक्का, भांडू नकोस. तबेल्याच्या वासावर तू जे भाषण तयार ठेवलं आहेस ते मला पाठव, मी घरी मोठ्यानं वाचेन. त्यांना फक्त "हो का" म्हण.

ता.क. २. पाकीट चिकटवत होतो तोच साहेब स्वतः दुकानात आले. चेअरमन शब्दाचं मूळ हवं होतं, मिनिस्टरच्या 'कमी'हून खालचं काही निघतं का म्हणून. मी पानं उलटत असताना, बाहेर रस्त्याकडे बघत म्हणाले, "आमच्या सूनबाईंना रविवारी दवाखाना असतो का हो?"

ता.क. ३. सगळ्या गावाच्या पाट्या झाल्या, पण तुझ्या लेकीच्या दवाखान्याच्या पाटीचं मी उघडल्या दिवसापासून "उद्या" म्हणत होतो. काल संध्याकाळी लावून आलो; 'घोड्यांची डॉक्टर' हे पुढच्याच बाजूला मोठ्या अक्षरांत कोरलं आहे, पाठ कोरी ठेवली. ती कुठल्याशा घोडीच्या बाळंतपणाला गेली होती. स्क्रू पिळले, फडक्यानं पाटी पुसली आणि फाटकाला कडी घालून परत आलो.