दीड इंचाचा फरक

४ नोव्हेंबर, सोमवार
आज ऑफिसात नशीब उघडलं. आमचे जनरल मॅनेजर हमदुल्लासाहेब डिसेंबरात नामिबियाला शिकारीला चाललेत. सोबत स्टाफमधला एकजण नेणार. चहाच्या वेळी म्हणाले, तिथे रायफल भाड्याने मिळते, पण काडतूस कोणतं बरं, .३०८, .३०-०६ की .२७०? मी म्हणालो, साहेब, माझ्यावर सोडा, आमच्या वसईच्या घराण्यात शिकार रक्तात आहे. (आजोबांच्या शेजाऱ्याकडे छऱ्याची बंदूक होती.) बाजूला अकाउंट्सचा अँड्र्यू बसला होता. गप्प. त्याला यातलं काय कळणार.
संकल्प: रोज एक तास अभ्यास.

६ नोव्हेंबर
तासभर जमलं नाही. अकरा मिनिटांचा व्हिडिओ पाहिला. .३०-०६ ला 'थर्टी पॉइंट झिरो सिक्स' म्हणत नाहीत, 'थर्टी ऑट सिक्स' म्हणतात. सोमवारपासून बाराजणांना चुकीचं सांगितलंय. हरकत नाही, त्यांनाही माहीत नव्हतं.

९ नोव्हेंबर, शनिवार
एक्सेल शीट तयार. चौदा कॉलम. वेग, ऊर्जा, खांद्याला बसणारा धक्का, आणि तीनशे यार्डांवर गोळी किती खाली उतरते ते. .२७० साडेसहा इंच, .३०८ आठ. दीड इंचाचा फरक! इथेच शिकार हातची जाते. बायको मिल्ड्रेड पडदे लावत होती, तिला हे समजावलं. ती म्हणाली, आधी शिडी धर. शेनॉन, वय चौदा, म्हणाली, "डॅड, यू कान्ट ईव्हन किल अ कॉक्रोच." आमच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या फ्लॅटची झुरळं हा वेगळा विषय आहे. ती सरळ रेषेत धावत नाहीत.

१२ नोव्हेंबर
शीट साहेबांना दिली. चष्मा लावून पूर्ण वाचली. मग विचारलं, हे '१५० दाणे दारू' काय आहे? मी म्हणालो, १५० ग्रेन, साहेब. ते हळूच म्हणाले, व्हर्ननभाई, ग्रेन म्हणजे गोळीचं वजन. मी म्हणालो, टायपिंग मिस्टेक. इम्प्रेस झालेत हे नक्की, कारण लगेच म्हणाले, शनिवारी शारजाबाहेर शूटिंग रेंजवर या, अँड्र्यूलाही आणा. अँड्र्यू बहुतेक ड्रायव्हिंगसाठी.

१५ नोव्हेंबर
मॉपचा दांडा खांद्याला लावून प्रॅक्टिस. .३०-०६ चा धक्का वीस फूट-पाउंड. आकडा किरकोळ आहे. मिल्ड्रेडला मॉप परत हवा होता, म्हणून लवकर आटोपलं.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळी ५, क्लिनिक
रेंजवरचा प्रशिक्षक उझैर बजावत होता की रायफलवरच्या दुर्बिणीपासून डोळा चार बोटं लांब ठेवा. मला नीट दिसेना, म्हणून जवळ गेलो. ट्रिगर दाबला. रायफल मागे आली आणि दुर्बीण थेट भुवईवर. चार टाके.
शंभर यार्डांवरचा कागद कोरा. माझी गोळी कुठे गेली ते उझैरला अजून कळलेलं नाही.
साहेबांनी स्वतःचा रुमाल जखमेवर दाबून धरला. कुछ नहीं, कुछ नहीं, म्हणत होते. तेव्हा काय झालं कोण जाणे, मी सांगून टाकलं की आयुष्यात कधी बंदूक हातात धरलेली नाही. ते म्हणाले, "मालूम है."
अँड्र्यूने पाच गोळ्या मारल्या. पाचही एका बशीत मावतील अशा. म्हणे कॉलेजात एनसीसीच्या शूटिंग टीममध्ये होता. मी विचारलं, आधी का नाही बोललास? तो म्हणाला, तुम्ही बोलत होता.

१८ नोव्हेंबर
नामिबियाला अँड्र्यू. मी विचारलं, मग काडतूस कोणतं ठरलं? साहेब म्हणाले, जी रायफल मिळेल तिचं. दीड इंचाने जनावराला काही फरक पडत नाही, नेम धरणाऱ्याने पडतो. मग केबिनचं दार लावून म्हणाले, शीट मात्र एकदम साफ आहे, आपल्या खोर फक्कान बंदरातल्या कंटेनरांचं असंच करून द्या. चौदा कॉलम चालतील.

२१ नोव्हेंबर
टाके काढले. अँड्र्यूच्या व्हिसाचा फॉर्म मीच भरला, त्याला फॉर्म जमत नाहीत. जाता जाता त्याने विचारलं, डिसेंबरात तिकडे थंडी असते का? सल्ला द्यायला मी तोंड उघडलं होतं. मग म्हणालो, माहीत नाही.
तो म्हणाला, बरं, आणि गेला.