वळणावळणावर एक चिंधी

ता. ४ फेब्रुवारी

चि. ठमीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

फोन तू मध्येच ठेवून देतेस, म्हणून पत्र. तुझ्या सुनेकडून कळलं, की गुडघ्याचं ऑपरेशन होऊन इतके दिवस झाले तरी तू खिडकीजवळची खुर्ची सोडत नाहीस. चालली नाहीस तर गुडघा आखडून बसेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय ना? मग पडायची भीती घालवायला रविवारी मी येतो. तुमच्या गावामागच्या जंगलात धबधबा आहे. वाट छोटी, बाबागाडीतली पोरंसुद्धा जाऊन येतात. आणि चुकायची काळजी नको. जन्मभर शिंपीकाम केलंय. दुकानातल्या लाल चिंध्या आणतो, वळणावळणावर फांदीला बांधत जाईन. परतताना त्या बघत यायचं.

लोभ असावा, पायात बूट असावेत.

तुझा दादा

ता. ७ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

बाबागाडीच्या वाटेवर खुणा बांधणारा तू पहिलाच! दुकानात तू कापत सुटायचास आणि मी काजं करता करता तुझा पसारा वेचायचा, यात माझी हयात गेली. असो, येते. पण तू पुढे चालायचंस. मागे वळून जमतंय का म्हणून विचारलंस, तर तिथूनच परत फिरेन. धबधबा गाठला तर खुर्ची माळ्यावर टाकते. अर्ध्यातून फिरले, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

लोभ आहेच, टोमणे कमी करावेत.

तुझी ठमी

ता. १२ फेब्रुवारी

चि. ठमीस, आशीर्वाद (जरा रागातले).

सुखरूप पोचलो. धबधब्यात पाय सोडून बसलो होतो तोवर सगळं झकास होतं. परत फिरलो, तर एकही चिंधी जागेवर नाही! मी माकडांचा उद्धार केला, त्या फाट्यापाशी तर आपण हरवलोच म्हणून तुला खडकावर बसवलं आणि घसा फाटेपर्यंत ओरडलो. झुडपापलीकडून आला कोण, तर आइस्क्रीमवाला, हातात कुणाचा तरी कोन घेऊन! गाड्या उभ्या करायची जागा तिथेच होती. आणि आज तुझी सून सांगते, की आईंच्या पर्समध्ये लाल चिंध्यांचा गोळा सापडला. ठमे, जबाब दे. आणि खुर्चीचं काय झालं, तेही कळव.

लोभ तूर्त थांबवला आहे.

दादा

ता. १५ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

होय, मीच सोडल्या. पहिली चिंधी फांदीला लोंबताना दिसली आणि हात शिवशिवले. इतक्या वर्षांची खोड. दुसरीपाशी थांबले तेव्हा लक्षात आलं, की गाठ सोडेपर्यंत गुडघ्याला विसावा मिळतोय आणि तुला कळतही नाहीये. मग एकही मागे ठेवली नाही. तू ओरडायला लागलास तेव्हा सांगणारच होते, पण हसू आवरेना.

आता तुझं सांगते. आधी तू वळणावर बांधत होतास. चढ लागला तसा सरळ वाटेवरही झाडागणिक बांधायला लागलास, आणि एकेका गाठीला अख्खा सदरा शिवून होईल इतका वेळ. तुझी धाप मागे ऐकू येत होती, दादा. मीही विचारलं नाही.

खुर्ची माळ्यावर गेली. रविवारी ये. वरच्या अंगाला आणखी एक धबधबा आहे, चढ जास्त आहे म्हणतात; तेव्हा चिंध्या दुप्पट आण.

थांबवलेला लोभ सुरू करावा आणि गाठी जरा सैल बांधाव्यात, ही विनंती.

तुझी ठमी