पेटीच्या उलट्या बाजूला

बाबा, मी पियानो शिकते आहे. तुम्ही असता तर आधी हसला असता आणि मग विचारलं असतं, "काऊन वं, पेटी कमी पडली काय तुले?" पेटी कमी पडली नाही. पेटीसमोर बसले की माझा डावा हात आपोआप भात्याकडे जातो आणि उजवा पेटी सरकू नये म्हणून तिला धरून ठेवतो. सूर वाजवायला मग हातच उरत नाही. म्हणून निवृत्त झाल्यावर मी ठरवलं, वाद्य शिकायचं तर ज्याला भाता नाही असंच शिकायचं. नालवाडीत एक मुलगी शिकवते, माझ्या लेकीपेक्षाही लहान आहे. मी तिला मॅडम म्हणते आणि ती मला काकू. पिपरी मेघेहून मी स्कूटीवर जाते. पहिल्या दिवशी तिथल्या पोरांना वाटलं, ही कुणाची तरी आजी, न्यायला आलेली. मी जाऊन पियानोपुढच्या स्टुलावर बसले तेव्हा त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

कापसाच्या जिनिंग मशीनमध्ये तुमचा डावा हात कोपराखाली गेला तेव्हा मी इतकी लहान होते की मला तुमचे दोन हात आठवतच नाहीत. शर्टाची बटणं तुम्ही एका हातानं लावायचे, भाकर एका हातानं मोडायचे, आणि कुणी मदतीला पुढं झालं की अंगावर खेकसायचे. आईवरसुद्धा. फक्त पेटीसाठी मात्र मला हाक यायची. केळझरकडच्या आपल्या गावात, विहारात, जयंतीला, कुणाच्या बारशाला तुमच्या गायन पार्टीचं गाणं असलं की पेटीच्या अल्याड तुम्ही आणि पल्याड मी. तुमचा उजवा हात पट्ट्यांवर फिरायचा, माझा डावा भात्यावर. लोक म्हणायचे, एका हाताचा माणूस, पण वाजवतो कसा पहा! माझ्याकडे कुणी पाहत नसे. तुमची सक्त ताकीद होती की पट्ट्यांकडे बघायचं नाही, तुमच्या तोंडाकडे बघायचं. तुम्ही श्वास घेतला की मी भाता दाबायचा.

पण मी पट्ट्यांकडे बघायचे. कशी नाही बघणार? वीतभर अंतरावर तुमची बोटं नाचत असायची आणि कोणत्या पट्टीतून कोणता सूर निघतो हे मला आपोआप कळायला लागलं होतं. एका जयंतीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आपलं गाणं चाललं आहे. समोर पूर्ण गाव बसलं आहे. तुमचं बोट पुढं कुठं जाणार हे मी मनात ओळखते आहे, आणि तिथंच जातं आहे, आणि मला इतका आनंद होतो आहे की माझा हात थांबला आहे हे मला कळतच नाही. पेटीचा आवाज बसला. तुम्ही नुसत्या गळ्यावर गाणं ओढून नेलं. गाणं संपल्यावर ट्रॉलीवरून उतरायच्या आधी, सगळ्यांच्या देखत तुम्ही म्हणालात, "तुले हवा मांगतली होती. सूर कोनं मांगतले होते?" आणि मग जरा हळू, "गानं एकडाव सुरू झालं का थांबू नाई देवाचं. थांबलं का गेलं." लोक हसले. मी मान खाली घालून उतरले.

आज मला कळतं की तुम्ही घाबरला होता. गाणं थांबलं असतं तर लोकांना तुमचा नसलेला हात दिसला असता. हे कळतं, पण राग जात नाही. तुमच्यावर माझा जीव होता आणि रागही होता, दोन्ही अजून जसेच्या तसे आहेत. माझ्या लग्नानंतर तुम्ही पेटीवर कापड टाकलं ते कायमचं. मी माहेरी आले की म्हणायचे, बसू या ना. तुम्ही म्हणायचे, "आता कोनासाठी?" आणि विषय बदलायचे.

आता पियानोचं ऐका. मॅडम सांगायच्या, "काकू, इथून वर चढा," आणि माझा हात खाली उतरायचा. दर वेळी. सूर कानाला कळायचा, चुकलं हेही कळायचं, पण बोटं उलटीच पळायची. त्यांना वाटलं वय झालं आहे. मलाही वाटायला लागलं होतं. घरी मी कीबोर्डवर घोकत बसायचे, डाळ शिजेपर्यंत ओट्यावर बोटं आपटायचे. आमचे हे दारातून विचारायचे, "ओटा पुसून राह्यली का वाजवून राह्यली?" महिनेच्या महिने गेले, आणि मग एका दुपारी क्लासमध्ये चिडून मी मॅडमना म्हणाले, "तुम्ही जरा उठा, पलीकडून बघा." त्या पियानोच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या, वाकून पट्ट्यांकडे बघत राहिल्या. तिकडून वरचे सूर डावीकडे दिसतात. मी लहानपणभर तिकडूनच पाहिले होते. मी त्यांना तुमचा हात, भाता, सगळं सांगितलं. त्या परत येऊन माझ्या बाजूला बसल्या. मग म्हणाल्या, "मग काकू, तुम्हाला दुप्पट वेळ लागणार." त्यांनी कीव केली नाही याचं मला बरं वाटलं.

वेळ लागलाच. आधी डावा हात नुसता गप्प ठेवायला शिकले, कारण उजव्यानं वाजवायला लागलं की तो हवेत मागंपुढं व्हायचा. मग त्याला एक सूर दिला, मग तीन. उजवा हळूहळू उजवीकडे वर जायला लागला. वर्षअखेरीला सगळ्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होता, शाळेच्या हॉलमध्ये. मला एक लहानशी धून मिळाली, दोन्ही हातांची. मला ती पूर्ण वाजवायची होती, कुणाला हवा देणं नाही आणि कुणाच्या तोंडाकडे बघणंही नाही, फक्त माझी म्हणून. जमलं नाही तर क्लास सोडायचा हे मी कुणाला न सांगता ठरवून टाकलं होतं. माझं ठरवणं कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे, ते तुमच्याकडूनच आलं आहे.

त्या दिवशी पोरं एकामागून एक वाजवून, टाळ्या घेऊन, आईच्या मांडीवर जाऊन बसत होती.  माझं नाव पुकारलं. हे मागच्या रांगेत होते, त्यांनी मोबाइल वर धरला. मी सुरुवात केली. पहिला भाग नीट गेला. दुसऱ्या भागात चढायचं असतं. तिथं मी पट्ट्यांकडे पाहिलं आणि सगळं फिरलं, डावं उजवं झालं, हात सरळ खाली गेला. एक चूक, लगेच दुसरी. पुढच्या रांगेतली कुणीतरी पोरगी खुदकन हसली. डावा हात तीनच सूर धरून ओढत होता, ओढत होता, आणि मला कळत होतं की तो आता पियानो वाजवत नाहीये, भाता मारतो आहे. गाणं थांबू द्यायचं नाही म्हणून काहीही करून रेटत नेतो आहे.

मी दोन्ही हात उचलले.  मॅडम अर्ध्या उठल्या. मी मोठ्यानं म्हणाले, "थांबा, मी पुन्हा पहिल्यापासून वाजवणार आहे." भीतीनं नाही, रागानं.  मग ह्यांचा मागून आवाज आला, "वाजव वाजव, घाई नाई."

मी पुन्हा वाजवली. सावकाश वाजवली, फार सावकाश. चढायची जागा आली तेव्हा हात उजवीकडे गेला. एका ठिकाणी बोट घसरलं, ते तसंच राहू दिलं. शेवटचा सूर दाबून मी तो पूर्ण विरेपर्यंत बसून राहिले.

पुढच्या आठवड्यात नवी धून मिळणार आहे. हे पत्र घडी घालून मी कपाटात ठेवणार आहे, दुसरं करणार तरी काय त्याचं? एक गोष्ट मात्र लिहायची राहिली, आणि खरं तर तेवढ्यासाठीच लिहायला बसले होते. सगळ्यांना मी सांगितलं की ती धून मी तुमच्यासाठी वाजवली. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. पण दुसऱ्यांदा वाजवत होते तेवढा वेळ तुम्ही मला आठवलाच नाहीत, बाबा. एकदाही नाही. आणि मला फार बरं वाटलं.